एकटीचं भांडण

आमच्या गावात काजूबी घेणारा व्यापारी एकच. दुसऱ्या बाजारात बी नेली, तर पुढच्या वर्षी तो दारात उभं करत नसे. म्हणून तो म्हणेल तो भाव. वडील अबुधाबीजवळ मुसफ्फाच्या वर्कशॉपात वेल्डिंग करायचे, दोन वर्षांनी एकदा घरी यायचे; त्यांचा पगार कर्ज फेडण्यात जायचा. माझी शाळा पुढे चालणार की नाही, हे त्या दुकानात ठरायचं.

बाजाराच्या आदल्या दिवशी आई चुलीपुढे एकटीच भांडायची. व्यापाऱ्यासारखा आवाज जाड करून म्हणायची, "वहिनी, माल ओला आहे." मग स्वतःच्या आवाजात, "ओला? मग तुमच्या जिभेवर वाळत घालू?" दुकानात मात्र गप्प राहायची.

मी शिकले. ग्रॅज्युएट झाले, घरातली पहिली. आता दुबईत फ्री झोनमध्ये कस्टमचे कागद तपासते. नोकरी करतच एमएला बसले, प्रबंधाला विषय घेतला अठराव्या शतकातली फ्रेंच अर्थविषयक नियतकालिकं. धान्याला प्रांताप्रांतांत मोकळी वाट द्या, असं सांगणारी. त्यांच्यासाठी फ्रेंच शिकले. सुट्टीच्या दुपारी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती पिवळी पानं लॅपटॉपवर उघडायची. बाहेर धुरकट ऊन. वाटायचं, गव्हानं भरलेल्या होड्या खालच्या पार्किंगमधून संथ चालल्यात आणि जकात नाक्यावर कुणीच अडवत नाहीये.

एका ठिकाणी मोकळ्या व्यापारावर आक्षेप घेणारं पत्र होतं, पुढे त्याला उत्तर. तळटीप म्हणाली, दोन्ही एकाच माणसाची, फक्त सह्या वेगळ्या. आमच्या कामात पाठवणारा आणि घेणारा नाव बदलून एकच निघाला, की फाइल थांबवतात. मी सवयीनं प्रबंधात लिहून टाकलं, हे कागद बनावट आहेत.

गाइड सर कॉलवर म्हणाले, "मॅडम, शिक्का ऑफिसात ठेवून या हो. तो असं का लिहितो ते सांगा. नाहीतर हा प्रबंध पास होत नाही."

माझ्या मुलीला दोन्ही पत्रं मराठीत सांगितली. ती मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मा, ही इज जस्ट प्रॅक्टिसिंग."

बाल्कनीत कुठून तरी ओल्या लाकडांचा धूर आला. कानात आईचा तो जाड आवाज आला, मग तिचा स्वतःचा.

जो समोर ऐकून घेणार नाही, त्याचं बोलणं आधी आपणच बोलून बघायचं. फरक एवढाच, की त्या फ्रेंच माणसाला छापायला कागद मिळाला. ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं, आईच्या चुलीसकट. सरांनी चूल काढायला सांगितली नाही.

प्रबंध मंजूर झाला. आमच्या घरातली पहिली एमए मी आहे.