शिट्टीच्या आधी वर गेलेला हात

तुमची मुलं गावच्या मैदानावर कबड्डी खेळून घरी यायची, तेव्हा त्यांचे गुडघे फाटलेले का नसायचे, असा प्रश्न तुम्हाला कधी पडला होता का? आमची माती खाडीकाठची. मूठभर उचलली तर त्यात शिंपल्यांचे तुकडे, पात्यासारखे धारदार. त्याच मातीत पोरं लोळायची, आपटायची आणि तरी धड घरी यायची. कारण एक माणूस रोज संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येऊन, गुडघ्यांवर रांगत, मैदानातल्या शिंपल्या वेचायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. त्याचे स्वतःचे गुडघे कायम खरचटलेले असायचे. हिराजी घरत. आमचा हिराजीदादा. त्याला जाऊन महिना होऊन गेला.

बातमी बाळारामनं दिली. बाळाराम हा दादाचा कॉलेजच्या संघातला जोडीदार, दुसऱ्या कोपऱ्यात खेळणारा, आणि आता गावच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष. शेजारच्या काकूंकडे त्याचा फोन आला. “दादा गेला गो... छातीत कल आली, उरनला दवाखान्यात नेईपर्यंत सगला संपला.” पलीकडे तो हुंदके देत होता. मी रिसीव्हर धरून उभी राहिले आणि मला रडू आलं नाही. एवढंच वाटलं, की ही बातमी मला सांगायचा अधिकार या माणसाला नव्हता. का नव्हता, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

मी गावची नव्हे, कॉलनीतली. मराठवाड्यातून वडील इथं नोकरीला आले तेव्हा दोन ट्रंका घेऊन आले, एकीत कपडे आणि दुसरीत चळवळीची पत्रकं. त्या पत्रकांवर बोट ठेवून मी वाचायला शिकले; ‘कमळ’च्या आधी मला ‘हक्क’ लिहिता आलं. आम्ही कॉलनीतल्या मुली मिठागराच्या जुन्या बांधावर बसून मुलांचा खेळ बघायचो. एके दिवशी अंगभर माती माखलेला दादा समोर येऊन उभा राहिला. “काय गो, नुसती बघतेस काय? ये आत.” मी म्हणाले, मुलींचा संघ कुठं आहे? “तू आलीस म्हंजे एक झाली. आनखी सहा आन.” मी आणल्या. गावात कुजबुज झाली. पोरींच्या अंगाला माती लागली तर त्यांची लग्नं कशी व्हायची, असं एका काकांनी त्याला भर मैदानात विचारलं. दादा हसत म्हणाला, “अंगाची माती धुतली का जाते, काका. डोक्यातली कशी धुवाची, ता सांगा.”

कॉलेजात असताना तो विद्यापीठाकडून खेळला होता. त्याच्या कोपऱ्यातून चढाई करणाऱ्याचा घोटा सहसा सुटत नसे. त्याच्या कॉलेजच्या संघाच्या एका अंतिम सामन्याची गोष्ट आम्हाला बाळारामनंच सांगितली होती, रंगवून रंगवून. शेवटची चढाई, दोन्ही संघ बरोबरीत. समोरच्याचं नख दादाच्या खांद्याला ओझरतं लागलं. पंचांना दिसलं नाही, प्रेक्षकांना दिसलं नाही. दादानं हात वर केला आणि शांतपणे रेषेबाहेर गेला. “आमी हरलो, रडतोय, आनि हा येडा हसत बाहेर!” बाळाराम सांगायचा. त्या वेळी त्याच्या आवाजात अभिमान असायचा, हे मला अजून आठवतं... आणि म्हणूनच जास्त लागतं. आमच्या मैदानावर मग तोच नियम झाला. तुम्हाला स्पर्श झाला असेल तर शिट्टीची वाट बघायची नाही, स्वतः हात वर करायचा. जो वाट बघेल, तो दुसऱ्या दिवशी दादाबरोबर शिंपल्या वेचेल. शिक्षा म्हणायची, पण रांगताना दादा शेजारी असायचाच.

विद्यापीठाचा निळा ब्लेझर त्याला मिळाला होता. तो त्याच्या अंगावर मी फारसा पाहिला नाही, कारण तो कधी घरात नसायचाच. गावातला किंवा कॉलनीतला कुणीही मुलाखतीला निघाला की ब्लेझर त्याच्याबरोबर जायचा. बाळारामच्या लग्नाच्या फोटोतही तोच ब्लेझर आहे, बाह्या जरा आखूड.

मग बंदराकडची कंटेनरची वाहतूक वाढली आणि रस्त्याकडेची प्रत्येक मोकळी जागा कुणाच्या तरी डोळ्यांत भरू लागली. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही हंगामासाठी मैदान तयार करायला सकाळी चाळण्या घेऊन गेलो, तर मैदानावर ट्रेलरची रांग उभी होती. आम्ही मारलेल्या चुन्याच्या रेषा चाकांखाली. भोवती काटेरी तार. वॉचमन म्हणाला, “मंडल ने दिया है.”

मंडळानं दिलं! ज्या मंडळाची निम्मी कमिटी याच मातीत, याच माणसाच्या हाताखाली वाढली होती, त्या मंडळानं. दादाला न विचारता, गुपचूप.

मंडळाच्या नव्या कार्यालयात बैठक झाली. फरशी गुळगुळीत, डोक्यावर पंखा. मैदानावर ट्रेलर उभे करणाऱ्या कंटेनर यार्डाच्या मालकानं बांधून दिलेलं. दादा उठला. “मना भांडाचा नाय. फक्त ज्याला हात लागलाय, त्यानं हात वर करा.” कुणी हलेना. बाळाराम फरशीकडे बघत होता. दादा थांबला, कोपऱ्यात चढाईची वाट बघत थांबायचा तसाच. मग त्यानं स्वतःचाच हात वर केला. “मी बाद. मैदान सांबालाचा काम माजा होता.” आणि तो निघून गेला.

त्याच्या मागे एकही माणूस उठला नाही. उलट सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, चहा मागवला. मैदान विकणाऱ्यांना त्याचा मोठेपणा सोयीचा पडला. मैदान त्यांनी घालवलंच होतं, दोषही त्याच्याच अंगावर ठेवून मोकळे झाले.

त्याच आठवड्यात मी एक पत्रक लिहिलं, सगळ्यांच्या नावांनिशी. छापायच्या आधी दादाला दाखवलं. त्यानं वाचलं, घडी घातली. “वाटू नको.”

“का?”

“ते माजे गडी हायत.”

“दादा, त्यांनी तुला विकलं!”

“आसल. पन गडी बाद होतो, मरत नाय. परत उठतो.”

कबड्डीत बाद झालेला खेळाडू आपल्या संघाला गुण मिळाला की पुन्हा आत येतो. तो नियम दादानं माणसांनाही लावला होता. मला त्या दिवशी त्याचाही राग आला. अन्याय करणाऱ्यांना एवढं सांभाळून घेणं ही अन्याय झालेल्यांची फसवणूक नाही का? मैदान काही एकट्या त्याचं नव्हतं. आम्हा मुलींचंही होतं. पण त्याच्यासमोर हे बोलवेना. तो वाट बघत राहिला. संध्याकाळी तारेपर्यंत जायचा, उभा राहायचा, परत यायचा. त्याच्या गड्यांपैकी एकही शेवटपर्यंत आत आला नाही.

शोकसभेत मात्र सगळे आले. बाळारामनं डोळे पुसत ‘हिराजी घरत स्मृतिचषक’ जाहीर केला. स्पर्धा तालुक्याच्या कॉलेजच्या मैदानावर, कारण “आपल्या गावात मैदान उरलं नाही, हे आपलं दुर्दैव.” दुर्दैव! जणू ते ट्रेलर आभाळातून पडले होते.

परवा दादाच्या घरी, त्याच्या बायकोला, मंदावहिनींना भेटायला गेले. ब्लेझर अजून कुणाच्या तरी घरी आहे; कुणाच्या, ते त्यांनाही ठाऊक नाही. पत्र्याचा डबा मात्र मागच्या दाराशी, दादा ठेवायचा त्याच जागी आहे. शिंपल्यांनी काठोकाठ भरलेला. “टाकाला हात धजत नाय,” वहिनी म्हणाल्या. “संध्याकाल झाली का वाटतं, आता येल आनि डबा मागल.” मी झाकण उघडलं. कडा अजून तशाच धारदार आहेत. त्यातली प्रत्येक शिंपली कुणाच्या ना कुणाच्या गुडघ्यात जायची होती. कदाचित तुमच्या मुलाच्या.

म्हणून एक मागणं आहे. चषकाच्या उद्‌घाटनाला जरूर या. दादाचं नाव घेतलं जाईल आणि सगळ्यांना मिनिटभर शांत उभं राहायला सांगतील. ते मैदान जाताना तुम्ही पाहिलं असेल, तुम्हाला ठाऊक असेल आणि तुम्ही गप्प राहिला असाल, तर त्या मिनिटात हात वर करा. व्यासपीठावरच्यांना दिसेल एवढा वर. आणि ट्रेलर हलल्याशिवाय तो खाली घेऊ नका.

शिट्टीची वाट बघू नका.