टॉवेलखाली ठरला पिकअपचा भाव

मित्रांनो, आज सकाळी माझी पिकअप विकली गेली. कितीला, हे मालक असून मलाच सगळ्यात शेवटी कळलं.

सात वर्षं वापरलेली गाडी. चार दिवस मोबाईलवर तसल्याच गाड्यांचे भाव बघून मी सव्वाचार लाख सांगायचे ठरवले होते. साडेतीनच्या खाली उतरायचं नाही, हे मनात.

टाकवे बुद्रुकहून एक भाऊ गाडी बघायला आले, आमच्या आबांच्याच वयाचे. बॉनेटवर थाप मारली, टायर चाचपले आणि म्हणाले, "तीन देतो." मी सर्व्हिसची बिलं दाखवली. ते म्हणाले, "तीन." दोनदा चहा झाला, आकडा तिथंच.

शेवटी आबा उठले आणि खांद्यावरचा टॉवेल पुढं धरला. बैलबाजारात धरतात तसा! दोघांनी टॉवेलखाली हात घातले. आकडा तोंडानं न सांगता बोटं दाबली, माना हलल्या, एकदा भाऊ "आरं बाबा!" म्हणाले. दोन मिनिटांत सौदा.

"आबा, कितीला दिली?"

"बरुबर दिली."

कागद करताना समजलं, साडेतीन लाख! माझ्या मनातला आकडा मी आबांना सांगितलाही नव्हता.

"तोंडानं बोललं की चारचौघांत एकाला हरावं लागतंय," आबा म्हणाले. मग गाडीत चढून त्यांनी माल बांधायची दोरी काढून घेतली. "जनावर इकलं तरी दावं देत नसत्यात."

आता दारात गाडी नाही, पण खुंटीला दोरी आहे. ही विकायची झाली तर भाव मोबाईलवर बघू, की टॉवेल आणू?