एक्केचाळीस नंबरचं डोकं

माणसाचं तोंड सोडून थेट डोकं बघणारी बाई जगात एकच असेल, आणि तिनंच मला महाडातून उचलून बंगळुरूला आणलं. सातवीत शाळा सोडून मी महाडच्या मिठाईच्या दुकानात खरवस करायचो. आमच्या डॉक्टरबाई तेव्हा माहेरी आल्या होत्या. त्यांनी खरवसाला बोट लावलं, तो थरथरला आणि त्या म्हणाल्या, "मला अस्संच डोकं हवंय. येतोस?" गिऱ्हाइकं माझ्याकडेच बघायला लागली.

तेव्हापासून त्यांच्या प्रयोगशाळेत मी डोकी शिजवायला लागलो. जिलेटिन, मीठ, साखर, तेल साच्यात ओतायचं आणि आत, मेंदूत होते तशी, वेगळ्या मिश्रणाची द्राक्षाएवढी गाठ ठेवायची. त्यावर बाई अँटेनांचं हेल्मेट चढवत. हलक्या लहरी आत जात, गाठीवरून वेगळ्या परतत, आणि अशी शेकडो डोकी बघून संगणक गाठ ओळखायला शिके. माझ्या हातून डोकं पडलं, तर बाई आधी त्या डोक्याला 'सॉरी' म्हणत, मग मला रागावत. पुढे खरी डोकी लागली, तेव्हा त्यांनी दूधवाल्यापासून पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यांपर्यंत कुणाला सोडलं नाही. नावं त्यांच्या लक्षात राहतच नसत. "या सतरा, चहा घ्या!" मी एक्केचाळीस. हेल्मेट घालताना त्यांनी विचारलं, "डोकंबिकं दुखतं का रे?" मी म्हटलं, "नाय." त्यांनी माझ्या नंबरापुढे 'निरोगी' लिहिलं.

खरं तर दोन महिने डावी बाजू ठणकत होती. पण गाठ निघाली तर? घरी पाठवलं तर? गावी, कापड्याला, आईला फोन केला, तर ती उखडलीच. "दुसऱ्यांच्या डोक्यातलं शोधतोस नि सवताचं लपवतोस? सांग त्या बायला!"

तरी गप्प राहिलो. मग एकदा बाई विद्यार्थ्यांना सांगत होत्या, "आपण सांगू ते मशीनला खरं वाटतं. आजारी डोकं निरोगी म्हणून शिकवलंत, तर उद्या ते कुणाची तरी गाठ तशीच सोडून देईल." मी हातातला साचा खाली ठेवला. "बाई, एक्केचाळीस खोटं बोललाय."

त्या रागावल्या नाहीत. माझी नोंद खोडली आणि एमआरआय काढायला मला रिक्षात घातलं. "आपलं हेल्मेट आहे ना?" मी विचारलं. "ते अजून शिकतंय. तुझ्या जिवावर नाही शिकवायचं." एमआरआय संपेपर्यंत त्या माझ्या चपला हातात धरून दाराशी उभ्या होत्या. गाठ नव्हती, अर्धशिशी निघाली. एमआरआयसाठी बाईंनी भरलेला कागद खोलीवर नेऊन पाहिला, तर त्यांच्या वाकड्या अक्षरात वडिलांसकट माझं पूर्ण नाव, मुक्काम कापडे, तालुका पोलादपूर. कुणाला न विचारता लिहिलेलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "एक्केचाळीस, डोकी झाली का?"

आता बाई हेल्मेट घेऊन दुसऱ्या शहरातल्या दवाखान्यात गेल्यात, खऱ्या रुग्णांवर तपासायला. ते गाठी शोधणार, यात मला शंका नाही. शिकवणारीच तशी आहे. इथले नवे सर मला मानानं नावानं बोलावतात. पण दोनदा हाक मारल्याशिवाय माझी मान वर होत नाही.