पिट्सबर्गचे भाव
स्टेला हुडाक शाळेच्या खानावळीत एकतीस वर्षं पोरांना जेवण वाढून निवृत्त झाली, पण वाढताना लागलेली मोजायची सवय काही सुटली नाही. पिट्सबर्गमध्ये अंडी कुठल्या दुकानात दहा सेंटांनी स्वस्त, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. नवरा गेल्यापासून सिअ‍ॅटलला राहणारी लेक रेनाटा "घर विक आणि माझ्याकडे ये" म्हणून मागे लागली होती. स्टेलाला जायचं होतं, पण आपण एकट्या पडलोय हे ती मेली तरी कबूल करणार नव्हती. "आधी तिथले भाव बघते," म्हणत ती दहा दिवसांसाठी आली.

आणि भाव बघून तिचे डोळे पांढरे झाले.

"कॉफी सात डॉलर? कपासकट देतात का?"

"आई, हळू बोल."

"हळू काय? तुझ्या या दोन खोल्यांच्या भाड्यात आमच्याकडे अख्खं घर येतं, तळघर धरून! आणि वर गाडी लावायला महिन्याला तीनशे?"

"म्हणून तर रस्त्यावर लावते."

"आणि जागेसाठी रोज अर्धा तास घिरट्या घालतेस."

यावरचा उपाय स्टेलाला ठाऊक होता. सातव्या दिवशी रेनाटा गाडी घेऊन कामावर निघाली, तशी हिने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली आणि गाडीच्या रिकाम्या जागेत नेऊन ठेवली. पिट्सबर्गमध्ये जागा राखायला ठेवलेली अशी खुर्ची म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बर्फ उपसून मोकळ्या केलेल्या जागेतली खुर्ची हलवायची तिथे कुणाची छाती होत नाही. इथले लोक मात्र नकोसं झालेलं सामान, ज्याला हवं त्याने न्यावं म्हणून रस्त्यावर ठेवतात. तासाभराने स्टेलाने खिडकीतून पाहिलं, तर जागेवर कुणाची तरी निळी गाडी आणि खुर्ची गायब.

ती दारोदार विचारत सुटली. तिसऱ्या इमारतीत ओडेल नावाच्या म्हाताऱ्याकडे खुर्ची सापडली. त्याने तोवर तिचा डुगडुगणारा पाय चिकटवलाही होता.

"डिंक वाळेपर्यंत थांबावं लागेल, बाई."

"किती वेळ?"

"पत्ते खेळता येत असतील तर कमी वाटेल."

दिवेलागणीला स्टेला खुर्ची घेऊन परतली, तर रेनाटा कोटही न काढता पायरीवर बसलेली. रडून डोळे लाल झालेले.

"फोन घरात पडलेला, तुझा पत्ता नाही. मला वाटलं, वैतागून परत गेलीस."

"न सांगता जाईन का मी?"

"बाबा गेल्यावर कशी राहतेस, ते तरी कधी सांगितलंस?"

स्टेला खुर्ची ठेवून तिच्याशेजारी पायरीवर बसली. ती म्हणाली, "तिकडे सगळं स्वस्त आहे गं. पण घरात भांडायलासुद्धा माणूस नाही."

रेनाटा तिला बिलगली. दोघी तशाच पायरीवर बसून राहिल्या.

"शुक्रवारचं परतीचं तिकीट रद्द केलं तर किती कापतात?" स्टेलाने विचारलं.

"नव्वद डॉलर."

"नव्वद? दरोडेखोर मेले!" तिने डोळे पुसले. "कापू देत."