कापसाच्या खोलीतला आवाज

मारेगावकडच्या शाळेत मी गणित शिकवायचो, तेव्हा मोबाइलवर धड्यांचे व्हिडिओ करायचं खूळ आलं होतं. स्क्रीन रेकॉर्ड करणारी जगातली सगळी ॲप मी वापरून पाहिली. दोन तर बाजारात यायच्या आधीच वापरली. तरी टिनाच्या छपराखाली माझा आवाज विहिरीत पडलेल्या माणसासारखा घुमायचा. शेजारच्या गावच्या मास्तराचा मात्र लोण्यासारखा मऊ! माझ्याच वर्गातली पोरं अपूर्णांक त्याच्याकडून शिकायची. एकदा घरी आलो, तर माझी मुलगीही त्याचाच व्हिडिओ पाहत बसलेली. त्या दिवशी मला जेवण कडू लागलं.

शेवटी ॲपचं नाव काढून घ्यायला त्याच्या घरी गेलो. ॲप मी वापरायचो तेच, फुकटातलं! पण खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली. भाव पडले म्हणून त्यानं तो विकला नव्हता. मधल्या खोबणीत बसून तो शिकवायचा आणि कापूस सगळा घुमारा पिऊन टाकायचा.

"तुमीबी इथंच बसून रेकॉर्ड करा ना, सर. कायले लाजता?"

बसलो. आवाज असा उतरला, की मलाच माझा हेवा वाटला. पण साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटली. त्याला सवय होती, मला नव्हती.

मुलीनं व्हिडिओ पाहिला. "बाबा, आवाज मस्त हाये. पण मागं कोन खाजवून राह्यलं?"

त्या वर्षी कापसाला भाव यावा म्हणून अख्ख्या जिल्ह्यात माझ्याइतकं कोणी झुरलं नसेल. मला त्याची खोली रिकामी झालेली पाहायची होती.