घरची म्हैस, आईचा काळा चहा

आमचं गाव कर्जतकडच्या चौक गावाजवळ. घरात एक म्हैस. दूध आई काढायची, मी ते हायवेवरच्या ढाब्यावर पोचवायचो. घरात दूध ठेवायचं नाही, हा नियम माझा. बायको टोमणा मारायची, "डायवर लोकांना दुधाचा चहा, आन् काढणारीला काळा!" आई हसून म्हणायची, "मला तसाच गोड लागतो गं."

आईचं प्रेशर वाढलं तेव्हा कर्जतच्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि खाण्याचं समजावलं. मीठ कमी करा. दूध, दही, नाचणी, काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी द्या. त्यातल्या कॅल्शियमची प्रेशरला थोडी मदत होते.

"आजी, दूध पिता ना?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मीच बोललो, "पिते की. घरची म्हैस हाय."



परतताना मी बाजारातून सुकी मांदेली, तसलीच बारीक मासळी, घेतली. दुधाऐवजी हे कॅल्शियम, असं स्वतःला पटवलं. मांदेली खारवलेली होती, हे मला ठाऊक नव्हतं असं आजवर सांगत आलो. ठाऊक होतं. पिशवीच्या तळाशी मीठ साचलेलं दिसत होतं. आई ती रोज भाकरीबरोबर चावून खायची. "पोरानं औषध आणलंय," असं शेजारणीला सांगायची.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी प्रेशर मोजायला आईच्या दंडाला दोनदा पट्टा बांधला.

"गोळी घेताय, मीठ कमी, दूध चालू. मग चढतंय कसं?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. खोटं उघडं पडेल म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो. त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली.

पंधरा दिवसांनी सकाळी आई गोठ्यात कोसळली. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात लुळा. शेजारी दुधाची कासंडी कलंडत होती. मी आधी कासंडी सावरली. मग आईला. हे बायकोलाही सांगितलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "खातात काय त्या?"

या वेळी सगळं सांगितलं. दूध, ढाबा, मांदेली. 

"दुधानं सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "पण रोज एवढं मीठ पोटात जात होतं, ते मला कळायला हवं होतं. मी अंधारात गोळ्या वाढवत होतो."

आई वाचली. हातातली ताकद मात्र परत आली नाही. आता धार बायको काढते आणि पहिला पेला आईचा. तो तिच्या ओठांना मीच लावतो. पहिल्या दिवशी तिनं एक घोट घेतला, बाकीचा हनुवटीवरून ओघळला. मग तोंड पुसून घेत अडखळत विचारलं,

"ढाब्याला... कमी नाय ना पडणार रं?"