बंड्याचा उपास

आमच्या घरात मासा आजारी पडण्याची ही पहिलीच वेळ. त्याआधी आमच्याकडे आलेल्या कुठल्याच माशाला आजारी पडण्याइतका वेळ मिळाला नव्हता.

आम्ही मूळचे मालवणचे, मुक्काम लालबाग. बुधवार, शुक्रवार, रविवार सकाळी मासळी घरात येते आणि दुपारपर्यंत तिचा विषय संपलेला असतो. अशा घरात माझ्या मुलीने, मुक्ताने, काचेच्या टाकीत एक गोल्डफिश आणला आणि त्याचं नाव ठेवलं बंड्या. दुसरीकडे जागा नाही म्हणून टाकी जेवणाच्या टेबलाशेजारी आली. माझी आई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्येच्यात खावचा काय? नुसते काटेच असतले." मुक्ताचा मात्र जीव होता त्याच्यावर. ऑफिसातून आली की चपला काढायच्या आधी टाकीशी जायची, आणि बंड्याही काचेला नाक लावून हजर असायचा. (मी घरी येतो तेव्हा माझ्यासाठी कुणी मान वर करत नाही.)

मग मुक्ताला कंपनीने ट्रेनिंगला बंगलोरला पाठवलं. जाताना तिने बंड्या माझ्या हवाली केला. सकाळी एकदा चिमूटभर दाणे, रविवारी थोडं पाणी बदलायचं, बस्स. "बाबा, आईला वेळ नाही आणि आजीचा भरवसा नाही. तुमच्यावर सोडून जातेय," ती म्हणाली. एवढी मोठी जबाबदारी तिने मला आयुष्यात पहिल्यांदा दिली होती. माझी छाती फुगली. (पोट आधीपासूनच फुगलेलं होतं.)

चार-पाच दिवस बरे गेले आणि एका सकाळी बघतो तर बंड्या पाण्याच्या वर आडवा! खाली जायची खटपट करतोय आणि बुचासारखा पुन्हा वर येतोय. मुलीला काय तोंड दाखवू? तिथेच ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा मासा बरा करायचाच.

मोबाइलवर वाचलं की अंगावर पांढरे ठिपके दिसले तर रोग मोठा. आईचं पोथी वाचायचं भिंग घेऊन मी टाकीला डोळा लावला. ठिपका होता! गाळणीने काढून पाहिला, तर ते भाताचं शीत निघालं. कुठून तरी उडून पडलं असेल म्हणून मी ते सोडून दिलं. (डिटेक्टिव्ह म्हणून माझी योग्यता इथेच कळावी.)

मग पाण्यावर संशय घेतला. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडायला हवा, म्हणून घरातल्या सगळ्या बादल्या, पिंपं आणि इडलीपात्राचं भांडंसुद्धा भरून ठेवलं. माझ्या बायकोने, सुनंदाने, त्या दिवशी तांब्याभर पाण्यात अंघोळ उरकली. बंड्या आडवाच. पाण्यात थोडं खडेमीठ टाकलं तर आराम पडतो असं वाचलं, म्हणून मिठाची बरणी मागितली. आईला वाटलं, अखेर मुलगा ताळ्यावर आला.

"मीठ लावतंस तर वायच हळद आणि कोकमाचा आगळ पण लाव," ती म्हणाली.

शेवटी दादरच्या एका डॉक्टरीणबाई माशांनाही तपासतात असं कळलं. बंड्याला झाकणाच्या मोठ्या डब्यात पाण्यासकट घेऊन निघालो. लिफ्टमध्ये शेजारच्या तावड्यांनी डबा बघून विचारलं, "आज काय मिळालं?" मी खरं ते सांगितलं. ते पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले.

डॉक्टरीणबाईंनी बंड्याला सगळ्या बाजूंनी पाहिलं. पोट फुगलंय, पोटच साफ नाही, म्हणून तोल जातोय, असं निदान झालं. कारण एकच: खाणं अती. मी म्हटलं, दिवसातून एकदाच, चिमूटभर. त्यांनी एकदा बंड्याच्या पोटाकडे पाहिलं, एकदा माझ्या, आणि पुढे काही विचारलं नाही. तीन दिवस कडकडीत उपाशी ठेवा, म्हणाल्या, चौथ्या दिवशी उकडलेल्या मटाराच्या दाण्याचं साल काढून अगदी बारीक चुरा द्या.

घरी येऊन मी जाहीर केलं: बंड्याला तीन दिवस उपास! आईने हात जोडले. मासा असून उपास करतो याचं तिला फारच कौतुक वाटलं. आणि दुसऱ्या दिवशी बंड्याचं पोट आणखी टम्म! टाकीच्या तळाशी काचेच्या मण्यांसारखं काहीतरी चमकत होतं. साबुदाणा!

"आई, हे काय?"

"उपासाक भात घालतत काय? म्हणान साबुदाणो घातलंय."

एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण माशाला लागू पडलेली मी प्रथमच पाहिली. म्हणजे एरवी ती भात घालत होती! आईला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. "जेवताना समोर कोण आ करून बसलो, तर माझ्या घशाखाली घास उतरणा नाय," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मला पुढे रागावता येईना. तेवढ्यात सुनंदाने कबूल केलं की चहाच्या वेळी तो फार केविलवाणा बघतो, म्हणून पोळीचा एक तुकडा, अगदी नखाएवढा, तीही टाकत होती. मी तोंड सोडणार तोच तिने दाण्यांची डबी पुढे केली आणि माझी ती चिमूट काढून दाखवायला सांगितली. काढली. मुक्ताच्या चार चिमट्या त्यात आरामात बसल्या असत्या.

पण निश्चय म्हणजे निश्चय. उपास पुन्हा पहिल्यापासून सुरू. आई मात्र अडून बसली. "एकट्याक उपाशी ठेवक मी देवचंय नाय. तू पण उपाशी ऱ्हव त्येच्यावांगडा."

राहिलो! टाकीला पंचा गुंडाळला आणि खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलो. आत तो, बाहेर मी, दोघेही पाण्यावर. (मला ताक मंजूर झालं होतं. साबुदाणा नाही.) मधे एक शुक्रवार आला. घरात पापलेट तळलं गेलं, त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी हललो नाही. चौथ्या दिवशी मटार उकडला. बंड्याने चुरा खाल्ला, आणि संध्याकाळी पंचा बाजूला करतो तर गडी सरळ! तळाला जाऊन, वळसा घेऊन, काचेला नाक लावून उभा. मी त्या काचेवर कपाळ टेकलं आणि खरंच रडलो.

मुक्ता परत आली, चपला न काढता टाकीशी गेली, हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अय्या, बाबा, तुम्हीपण किती छान दिसताय!" सुनंदाने ते नेमकं ऐकलं, आणि माझा भात बंद झाला.

परवा मुक्ता पुन्हा बंगलोरला गेली. जाताना तिने सूचना माझ्या आईला दिल्या, मला नाही. "बंड्याला भिजवलेले दाणे, माझी चिमूट. बाबांना दोन फुलके आणि मटार. आणि दोघांनी कितीही तोंड उघडलं तरी तिकडे लक्ष द्यायचं नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. पुन्हा उघडलं. टाकीतून बंड्या माझ्याकडे ओळखीने बघत होता.